चिन्नोरचा वास

रविवारी कारध्याच्या प्रार्थनाघरात शिरताना प्रत्येक बाई आधी दाराजवळच्या पिंपाशी थांबते. रोज भात रांधताना पहिली मूठ देवाची म्हणून बाजूला काढायची आणि आठवडाभराचे ते तांदूळ या पिंपात ओतायचे, ही इथली जुनी रीत. पिंप भरलं की त्याच तांदळाचं प्रीतिभोजन होतं, सगळी मंडळी एका पंगतीला बसते. रीत चांगली आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला संशय आहे तो शोभाताईंच्या गोड बोलण्याचा.

शोभाताई महिला मंडळाच्या अध्यक्ष. पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसत. बाकीच्या बाया आपापली पिशवी स्वतः रिकामी करत आणि शोभाताई नुसती मान हलवत. शकुनबाई दिसली की मात्र त्या लगबगीने उठत.

"द्या, माह्याजवळ द्या पिशवी. तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही कायले वाकता?"

पिंप कमरेएवढं उंच. त्यात तांदूळ ओतायला कुणालाच वाकावं लागत नाही.

शकुनबाईच्या हे कधी ध्यानात आलं नाही, कारण इतक्या मानाने तिच्याशी जन्मात कुणी बोललंच नव्हतं. तिचा सासरा गावातली मेलेली गुरं ओढायचा. नवऱ्याने ते काम सोडून मजुरी धरली, पण लोकांनी जात सोडली नाही. लग्नाच्या पंगतीत या घराची पानं शेवटी आणि बाजूला. नवरा गेल्यावर ती प्रार्थनाघरात आली, तिथे कुणीतरी तिला बहीण म्हटलं, आणि त्या एका शब्दासाठी तिने बाप्तिस्मा घेतला. नात्यातल्यांनी बोलणं टाकलं, पवनीचा भाऊ तेवढा राहिला. आता इथेही आपण परकेच आहोत असं निघालं, तर तिला जायला जागाच उरणार नव्हती.

तिची मुलगी हर्षा भंडाऱ्याला औषधाच्या दुकानात कामाला. पोरगी जात्याच संशयी.

"आई, शोभाताई तुह्या हातची पिशवी घेते, पण पिंपात ओतताना तू तिले कधी पाह्यलं का?"

"गप ना वं! देवाच्या दारात कोणावर संशय घेऊ नये."

"मी देवावर कुठी घेऊन राहिली?"

नव्या पिकाच्या आभाराचा रविवार आला. पवनीच्या भावाने धानाच्या एका बांधीत चिन्नोर लावला होता, त्यातला थोडा बहिणीला पाठवला. चिन्नोर एका घरी शिजला की साऱ्या आळीला कळतं, असा त्याचा वास. शकुनबाईने घरी एक दाणा ठेवला नाही. सगळा पिशवीत भरून गाठ मारली आणि त्या दिवशीच्या पंगतीसाठी सकाळीच नेऊन दिला. शोभाताईंनी तो नेहमीसारखाच हसून घेतला.

उपासना झाली. अंगणात पंगत बसली, भाताच्या भल्यामोठ्या गंजाचं झाकण काढलं, वाफ वर आली. हर्षाने नाक वर केलं.

"आई, वास येऊन राहिला का?"

"सर्दी झाली असन मले," शकुनबाई म्हणाली, आणि तिने पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. तिला सर्दी नव्हती.

पाळक संजीवराव हात जोडून उभे राहिले. "हे पित्या, आमच्या हातचं हे अर्पण तुला सुवासिक वाटो..." सगळ्यांनी आमेन म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा, पास्टरसाहेब," शकुनबाई म्हणाली. "वास कुठी हाय?"

कुणाला काही समजेना. शोभाताईंना मात्र लगेच समजलं.

"एवढ्या भातात तुमच्या तांदळाचा कितीक वास येणार बाई!"

हर्षा तोवर कोठीत जाऊन आली होती. तिच्या हातात आईची पिशवी होती, आणि आईने मारलेली गाठ तशीच होती.

"आम्ही ते वाया नाही घालत," शोभाताई घाईने म्हणाल्या. "नदीच्या घाटावरच्या गरिबांना वाटतो."

"मग तुमचे तांदूळ काहून नाही वाटत?" हर्षाने विचारलं.

"माह्या मनात काही नाही गं. पण जुनी मंडळी जेवणार नाहीत. त्यांचं मन कशाला दुखवायचं?"

पंगतीतली जुनी मंडळी पत्रावळीकडे बघत बसली. त्यांच्याही मनात काही नव्हतं म्हणे. शोधायला निघालं की हे विष कुणाच्याच मनात सापडत नाही, आणि तरी पिशवीची गाठ सुटत नाही. मला याचीच चीड येते.

शकुनबाईने पाळकांकडे पाहिलं. "तुमाले माहीत होतं?"

संजीवरावांनी खाली पाहत मान हलवली. "होतं."

"मले वाटे मी देवाले देऊन राहिली. तुमी त्याच्यापावतर पोचूच नाही देल्लं." तिने पिशवी उचलून छातीशी धरली. "मी हे घरी रांधीन. ज्याले देवाचं म्हणून खाचं असन, त्यानं यावं."

मायलेकी निघून गेल्या. संजीवरावांनी गंजावर झाकण ठेवलं. "ही प्रार्थना मला पुरी करता येत नाही," एवढंच ते म्हणाले. ते फाटकाबाहेर पडताच कुणीतरी झाकण काढलं आणि पंगत जेवायला लागली. भात बेचव होता असं कुणी म्हटलं नाही.

इकडे चुलीवर चिन्नोर शिजला आणि वास कुडापलीकडे रस्त्यावर गेला. शकुनबाईने होती नव्हती तेवढी ताटं मांडली.

"कोणी येत नाही, आई," हर्षा म्हणाली.

संजीवराव आले. जोडे काढून पोत्यावर बसले, ताट पुढे ओढलं आणि सकाळी अर्धी राहिलेली प्रार्थना पुन्हा सुरू केली. शेवटच्या शब्दाशी ते थांबले. दाराबाहेर शोभाताई उभ्या होत्या. पदर नाकाशी धरलेला. वास टाळायला की डोळे पुसायला, ते हर्षाला कळेना, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून खात्री नाही. त्यांचा एक पाय उंबरठ्याकडे वळला होता, दुसरा रस्त्याकडे.

शकुनबाईने आणखी एका ताटात भात वाढला.

"शोभाताई, चपला काढा ना. पास्टरसाहेबाचं आमेन तुमच्यासाठी थांबून राहिलं."