चादरीचं दुसरं टोक

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दोघांनी टोकं धरायची, एकदम झटकायची, एकदम पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. घरीदारी सगळे ज्याला धाकट्या म्हणत, त्याच्या हातचा मळ होता तो. आठ वर्षं समोर एकच जोडीदार, आणि तोही नंबर एकचा गप्पिष्ट. मधोमध भेटले की गोष्टीचं एकच वाक्य सांगायचा. पुढचं वाक्य पुढच्या चादरीला.

मग धाकट्याला स्किझोफ्रेनियानं गाठलं. वर्षभराच्या औषधांनी कानातले आवाज निवले, तो कामावर परतला, पण हातापायांचा मेळ काही परत आला नाही. जोडीदार पुढे निघाला की हा क्षणभर उशिरा निघे. झटकताना मात्र ह्याचेच हात आधी उठत, आणि चादर जमिनीवर. 'हा आळस नव्हे, आजाराचाच भाग आहे,' असं डॉक्टरांनी लिहूनही दिलं होतं. पण कागद वाचतो कोण? ताप असता तर लोकांनी कपाळाला हात लावून तरी पाहिला असता.

"अरे, झोपलास का?" जोडीदार खेकसला. तिसऱ्या दिवशी त्यानं गोष्ट अर्ध्यावरच सोडली. शेजाऱ्याची सासू शिडीवर चढली, इथवर आली होती ती.

"शनिवारपर्यंत जमव बाबा," मुकादमबाई म्हणाल्या. "नाहीतर माझाही नाइलाज आहे."

घरी थोरल्या बहिणीनं, ताईनं, टोक धरलं. "एक, दोन... अरे, दोनला यायचं!" चादर तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ती कामावर गेल्यावर धाकट्यानं दोन कोपरे चिमट्यांनी खिडकीच्या गजाला अडकवले. गजाला कसली घाई नव्हती. कोपऱ्याला कोपरा बरोबर लागला.

शनिवारी त्यानं मुकादमबाईंना तसंच करून दाखवलं. वेळ लागला, पण घडी अशी की नाव ठेवायला जागा नाही. बाईंनी भिंतीत दोन खुंट्या ठोकून घेतल्या. नोकरी वाचली. ताईनं तर त्याची दृष्टच काढायची बाकी ठेवली.

आता जोडीदारासमोर नवा माणूस असतो. पलीकडून हसण्याचा आवाज येतो, यंत्रांच्या घरघरीत शब्द मात्र ऐकू येत नाहीत. धाकट्याच्या हातून एकही चादर पडत नाही. तो खुंट्यांपाशी जातो, कोपरे जुळवतो आणि सवयीनं जरासा थांबतो. सासू अजून शिडीवरच आहे.