पलीकडच्या डोंगरावरचा खोकला

मी पुस्तकं वाचते, म्हणजे पोटासाठी वाचते. काचेच्या खोलीत बसून मोठ्यानं वाचायचं, ते रेकॉर्ड होतं, आणि मग लोक भांडी घासताना, गाडी चालवताना नाहीतर झोप येत नाही म्हणून ते ऐकतात. गेलं वर्षभर ऑफिसनं माझ्या पदरात दोनच प्रकारच्या कादंबऱ्या टाकल्या, जादूच्या राज्यांच्या आणि प्रेमाच्या. लोकांना तेच हवंय म्हणे. मनात वाचणारा माणूस कंटाळवाणं पान उडवून पुढे जातो. मला मात्र प्रत्येक शब्द तोंडातून बाहेर काढावा लागतो, त्यामुळे माझी मतं जरा कडक आहेत.

ती ड्रॅगनची मालिकाच घ्या. पहिल्या पानावर नकाशा. आता नकाशा मोठ्यानं कसा वाचायचा, हे लेखकानं येऊन मला दाखवावं. राजघराण्यातल्या लोकांची नावं अशी, की उच्चारताना दाढेला कळ यायची. बरं, तिसऱ्या भागात ज्या सेनापतीच्या मरणावर मी जीव ओतून वाचलं, घरी जाऊन जेवले नाही, तो चौथ्या भागात दार उघडून आत आला आणि पाणी मागू लागला. मला त्याचं तोंड बघवेना. मेलेल्या माणसानं मेलेलंच राहावं, एवढी किमान सभ्यता जादूच्या राज्यातही हवी.

प्रेमाच्या कादंबऱ्यांत नायक कायम भिंतीला टेकून उभा. इतका टेकतो की त्याला पाठीचं दुखणं असावं. नायिका चालता चालता अडखळते ती बरोबर त्याच्याच अंगावर, आणि प्रत्येक चुंबनाला ‘काळ थांबला’. एका पुस्तकात तो इतक्या वेळा थांबला की ही बाई नोकरीवर वेळेत पोचते कशी, हेच मला कळेना. सगळीच वाईट होती असं नाही. जनावरांचा डॉक्टर आणि नवरा गेलेली एक शिक्षिका यांची एक गोष्ट मी वाचली. त्यात दोघं शेवटपर्यंत एकमेकांना काही म्हणत नाहीत, नुसतं आजारी घोड्याला दोन बाजूंनी धरून उभे राहतात. ते वाचताना मी मनातल्या मनात लेखकाला नमस्कार केला होता.

ही सगळी मतं मी चहाच्या वेळी ज्याला ऐकवायचे तो आमचा रेकॉर्डिस्ट. मी त्याला कानसेन म्हणते. काचेपलीकडे तो, अलीकडे मी, अशी आमची बरीच वर्षं गेली. त्याला दोन खोल्या सोडून पडलेली टाचणी ऐकू येते. त्याच्यामुळे मी बांगड्या सोडल्या, कडक इस्त्रीच्या साड्या सोडल्या, आणि जिभेचा चटचट आवाज येऊ नये म्हणून वाचण्याआधी सफरचंदाची फोड खायला लागले. पोटात गुरगुरलं तरी हेडफोनमध्ये त्याचा आवाज येतो, “पुन्हा.” एवढंच. चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं पुन्हा.

“अहो, पण गोष्ट कशी वाटली?” मी विचारायचे.

“दुसऱ्या प्रकरणात तुमची खुर्ची वाजली ताई,” तो म्हणायचा आणि बिस्कीट चहात बुडवायचा.

दगडावर डोकं आपटावं तसा प्रकार. या माणसासमोर राण्या विष प्यायल्या, राज्यं बुडाली, दुरावलेले प्रेमिक बंदरावर भेटले, आणि याला ऐकू आली ती खुर्ची. माझा नवरा गणिताचा मास्तर आहे. तो म्हणायचा, “त्याचं बरोबर आहे. सुताराला विचारतं का कोणी, टेबलावर काय जेवलात?” मला ते पटायचं नाही. इतकं कानावर पडून कोणी कोरडं राहूच कसं शकतं, याचं मला नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटायचं. कारण ऐकणारे हजारो असतील, पण माझ्या डोळ्यांसमोर बसून ऐकणारा तो एकटाच होता.

मग ते डोंगरांचं पुस्तक आलं.

कोणा नवख्या लेखिकेचं होतं. त्या प्रदेशात डोंगर चालतात. पळत नाहीत, दिवसाला हातभर सरकतात, आणि त्याचं तिथं कुणाला काही वाटत नाही. एका डोंगरावर ती राहते, मध्ये अरुंद दरी, पलीकडच्या डोंगरावर तो. लग्नाचं ठरत असतानाच दरीवरचा पूल तुटतो, आणि डोंगर एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. आधी दोघं साध्या आवाजात बोलतात. मग हाका माराव्या लागतात. मग हाकाही पोचत नाहीत, तेव्हा आरसा उन्हात धरून उजेड पाडतात. मग तोही दिसेनासा होतो. तरी ती रोज कड्यावर येऊन दिवसभराचं सगळं सांगते, शेळी व्याली, छप्पर गळतंय, आज तुझा राग आलाय.

मी पहिल्या दिवशी भुवया चढवूनच बसले होते. म्हटलं, नकाशा नाही, बरं झालं, आता कोणीतरी भिंतीला टेकेल. कोणी टेकलं नाही. तिसऱ्या प्रकरणापर्यंत माझ्या भुवया कुठल्या कुठे गेल्या. इतकी वर्षं हजारो पानं तोंडातून गेलेली बाई मी, पण असं पूर्वी झालं नव्हतं. वाक्य माझ्या तोंडातून निघायचं आणि मीच ते पहिल्यांदा ऐकतेय असं वाटायचं. घरी जाताना रस्त्यावरच्या इमारतींकडे बघून वाटायचं, या नक्की जागच्या जागी आहेत ना. एका माणसानं टेबलाशी बसून, कागदावर, हे उभं केलं. मला त्या लेखिकेची भीतीच वाटायला लागली.

आणि नेमकं तेव्हाच माझा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून मी अंगावर काढलं. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पडद्यावर दाखवलं, स्वरतंतूवर तांदळाच्या दाण्याएवढी गाठ होती.

“साधी आहे, काढून टाकू,” त्या म्हणाल्या. “आवाज परत येईल. पण हाच येईल का, ते मला सांगता येणार नाही.”

“एक प्रकरण राहिलंय माझं,” मी म्हटलं. “शेवटचं.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी ऑपरेशनच्या टेबलावर चहा मागितला. मग म्हणाल्या, “एकदा वाचा. एकदाच. ओरडायचं नाही, आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. नंतर तोंड बंद.”

नवऱ्यानं त्या दिवसापासून घरात माझ्याशी खाणाखुणा सुरू केल्या. मला ऐकू येतं, मी बहिरी झालेली नाही, हे त्याला सांगायचं तर बोलावं लागलं असतं, म्हणून तेही राहिलं. मी आवाज साठवून ठेवत होते. ते शेवटचं प्रकरण मला माझ्या आवाजात हवं होतं. पुढे माझ्या गळ्यातून काय निघेल कोण जाणे, पण हे एक काम तरी माझं म्हणून मागे राहावं, असं मला फार वाटत होतं.

आमची एक पद्धत आहे. प्रकरण सुरू करताना पहिला परिच्छेद मी नुसता वाचते, तो धरायचा नसतो. कानसेन त्यावर आवाजाची पातळी लावतो, हात वर करतो, मी थांबते. मग तो रेकॉर्डिंगचं बटण दाबतो आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करतो. इतक्या वर्षांत यात कधी बदल झाला नव्हता.

त्या दिवशी मी कोमट पाणी प्यायले, सफरचंद खाल्लं आणि पहिला परिच्छेद सुरू केला. सबंध पुस्तक तिच्या बाजूनं आहे, हे शेवटचं प्रकरण मात्र त्याच्या बाजूनं. तो म्हातारा झालाय. सकाळचं धुकं आहे, हाताचा पंजा दिसत नाही असं. डोंगर गोल फिरून पुन्हा जवळ आलेत, पण हे त्याला माहीत नाही. तो अंगणात लाकडं रचतोय. आणि धुक्यातून, समोरून, कोणीतरी खोकतं.

ती महत्त्वाचं काही बोलायच्या आधी नेहमी तशी खोकायची.

पद्धतीप्रमाणे खुणेसाठी थांबायचं मी विसरलेच. पहिला परिच्छेद कधी संपला, दुसरा कधी सुरू झाला, मला कळलं नाही. आवाज इतका मोकळा लागला होता की गाठ आहे हेही विसरले. “पुन्हा” आलं नाही. एकदाही नाही. म्हातारा लाकडं तशीच टाकून कड्याकडे गेला, आणि चाळीस वर्षांपूर्वी तिनं विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचं त्यानं उत्तर दिलं. छप्पर गळतंय, त्याचं काय करू, असं तिनं हाका पोचत होत्या तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला, “मी येतो, मग बघू.” तिथं पुस्तक संपतं.

मी वर पाहिलं. काचेपलीकडे कानसेन बसला होता, हात मांडीवर, डोळे माझ्याकडे पण मला न बघणारे. मग तो उठला आणि दार उघडून आत आला. माझ्या खोलीत तो कधी येत नाही.

“ताई,” तो म्हणाला, “मी दाबलंच नाही.”

मला आधी कळलंच नाही.

“तुम्ही थांबला नाहीत. मी थांबवायला पाहिजे होतं. हात वर करायचा होता.” तो काचेपलीकडच्या बटणाकडे बघत म्हणाला, “मला सुचलंच नाही. मी ऐकत बसलो.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तोंडात एकापेक्षा एक शब्द आले, आणि तेव्हाही बोलायचं नाही हे आठवून मी गप्प बसले. मी त्याला बोटानं बाहेर जायला सांगितलं, बटण दाबायची खूण केली आणि पुन्हा सुरू केलं. डॉक्टरीणबाई गेल्या खड्ड्यात. पहिलं पान निघालं. दुसऱ्या पानावर, म्हातारा लाकडं टाकतो तिथं, आवाज चिरला आणि मग नुसती हवा यायला लागली. कानसेननं काचेपलीकडून दोन्ही हात जोडले. मी थांबले.

घरी येईपर्यंत मी रागानं जळत होते. जिना चढताना मात्र मधल्या वळणावर पाय थबकले. सेनापती मेले तेव्हा ज्याला खुर्ची ऐकू आली, तो माणूस बटण विसरला होता. मी कठड्याला धरून उभी राहिले, आणि राग कुठे शोधावा हे मला कळेना.

ऑपरेशन झालं. मग तोंडाला कुलूप. ऑफिसचा निरोप आला, शेवटच्या प्रकरणापुरती एक तरुण मुलगी बघितली आहे, आवाज फार गोड आहे. मी फोनवर टाइप केलं, ‘गोड नको. कानसेन वाचेल.’ त्यांना वाटलं औषधाचा परिणाम असावा. मी लेखिकेला विचारायला सांगितलं. ती म्हणाली, ते प्रकरण त्याच्याच बाजूचं आहे, पुरुषाचा आवाज चालेल, फक्त नाटकी नको. नाटकी असण्याचा प्रश्नच नव्हता.

कानसेन मात्र तयार होईना. घरी आला, सोफ्याच्या कडेवर बसला. “मला बोलता येत नाही ताई. मी फक्त ऐकतो.”

मी फोन त्याच्यासमोर धरला. ‘तुमच्याशिवाय ते प्रकरण कोणीच ऐकलेलं नाही.’

त्यानं ती अक्षरं वाचली, पुन्हा वाचली. चहा गार झाला. नवरा आतून म्हणाला, “होय म्हणा हो. नाहीतर ही मला वाचायला बसवेल.”

ठरलेल्या दिवशी तो माझ्या खुर्चीत आणि मी त्याच्या. मशीन मला त्यानंच दोनदा समजावून सांगितलं. मी हेडफोन लावले. तो वाचायला लागला आणि माझं मन खट्टू झालं. आवाज सपाट, घोगरा, पत्ता सांगितल्यासारखा. अंगण, धुकं, लाकडं, सगळं एका सुरात. मनात म्हटलं, बाई, तुझा हट्ट नडला.

मग तो खोकल्यापाशी आला.

पुस्तकात तिथं काही नाही. परिच्छेद तुटत नाही, साधा पूर्णविराम आहे. पण त्या दिवशी मी तिथं थांबले होते, गरजेपेक्षा जास्त थांबले होते, कारण मला पुढे जाववत नव्हतं. तो थांबला. तेवढाच थांबला. मी जिथं श्वास घेतला होता तिथं त्यानं घेतला. ‘नेहमी’ या शब्दावर माझा आवाज किंचित खाली गेला होता, त्याचा गेला. छपराच्या प्रश्नापाशी मी एक शब्द जवळजवळ गिळला होता, तो त्यानं तसाच गिळला. स्वर त्याचा होता, रुक्ष आणि परका, आणि त्याच्या आत मी वाचत होते, माझ्या जुन्या आवाजाची बाई, पानामागून पान, शेवटापर्यंत.

मी समजत होते की ते वाचन कुठेच उरलं नाही. त्यानं ते एकदाच ऐकलं होतं.

“मी येतो, मग बघू,” तो म्हणाला आणि पुस्तक मिटलं. काचेपलीकडून तो माझ्याकडे बघत होता, बरं झालं की वाईट, हे मी सांगावं म्हणून. मला बोलायची परवानगी नव्हती. मी रडत होते, आणि तो ते ऐकत होता.