खिसे नसलेला कोट

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, पण तुमच्या आजी-आजोबांनी मला नक्की पाहिलं आहे. एका जुन्या सिनेमात हिरो कॅसिनोचा जिना सावकाश उतरतो, झुंबराखाली थांबतो आणि बाही झटकून नीट करतो. ती बाही माझी. तो काळा कोट म्हणजे मी.

स्टुडिओच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मास्तरांनी मला शिवलं. बाहेरून लावलेली लोकर उंची होती, कारण कॅमेरा बाहेरून बघतो. आतलं अस्तर मात्र उरल्यासुरल्या तुकड्यांचं होतं. एक तुकडा निळा, एक चौकडीचा आणि एक चक्क जुन्या पडद्याचा. खिसे तर मला दिलेच नाहीत. खिशाच्या जागी नुसत्या पट्ट्या शिवल्या.

"खिसा असला की माणूस त्यात काहीतरी कोंबतो," मास्तर म्हणाले, "आणि हिरो फुगलेला दिसून चालत नाही."

हिरो होता किडकिडीत. म्हणून माझी पाठ मागून चिमटे लावून आवळायचे. समोरून बघणाऱ्याला वाटे, काय बेतलाय कोट! पाठीमागून बघितलं असतं तर दोरीवर वाळत घातलेलं धुणं दिसलं असतं.

ज्यांनी तो कॅसिनो उभा केला, त्यांच्यापैकी एकानेही खरा कॅसिनो पाहिलेला नव्हता. त्यांनी एका बँकेचा जिना घेतला, एका नाटकगृहाचा लाल गालिचा घेतला, एका हॉटेलचं झुंबर घेतलं आणि मध्ये रुलेटचं चाक ठेवलं. चाक फिरतं, त्यात एक छोटा गोळा उड्या मारतो आणि शेवटी एका आकड्याच्या खणात बसतो. गोष्टीप्रमाणे हिरोने उरलेलं सगळं तेवीस आकड्यावर लावायचं होतं आणि गोळ्याने तेवीसमध्ये बसायचं होतं.

गोळ्याने गोष्ट वाचली नव्हती. तो सकाळपासून कुठेही बसत राहिला. हिरो घामाघूम झाला, माझी कॉलर भिजली, दिग्दर्शकसाहेब सगळ्यांवर ओरडून दमले. अखेर दुपारच्या जेवणानंतर एका मदतनिसाने गोळा चिमटीत धरून तेवीसमध्ये ठेवला, चाक हळूच ढकललं, आणि कॅमेऱ्याने तेवढंच टिपलं. सकाळभर हरलेली सगळी फिल्म कचऱ्याच्या डब्यात गेली. जिंकलेली तेवढी पडद्यावर गेली.

सिनेमा तुफान चालला. खऱ्या कॅसिनोवाल्यांनीही तो पाहिला आणि त्यांना स्वतःच्या जागेची लाज वाटू लागली. आमचा सेट उभारणाऱ्या सुताराकडे त्यांची माणसं आली. "तसाच जिना हवा," म्हणाली. सुताराने खऱ्या लोकांना खोटा जिना करून दिला आणि आपल्या घराला नवं छप्पर घातलं. त्या सगळ्या प्रकरणात जमेची बाजू पाहिली ती बहुधा त्याने एकट्याने.

पुढे हिरो म्हातारा झाला, स्टुडिओला टाळं लागलं आणि आम्हा कपड्यांचे गठ्ठे वजनावर विकले गेले. भाड्याने पोशाख देणाऱ्या एका दुकानात मी आलो. मग नाटकातले वकील, जादूगार, बँडवाले असे कोणीही मला अंगावर चढवत. कुणी माझ्या बाहीला नाक पुसलं, कुणी सांडलेला चहा तसाच वाळू दिला. कसरीने डाव्या खांद्याची चव घेतली. कौतुकाचे दिवस संपले की ब्रशसुद्धा महाग होतो, मित्रांनो.

अशात एके दिवशी दुकानात एक गृहस्थ आले आणि माझ्यासमोर देवळात उभं राहावं तसे उभे राहिले.

"हाच का हो तो?"

"हाच. म्हणून तर भाडं जास्त," दुकानदार म्हणाला. "अनामत वेगळी."

हे गृहस्थ एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. वरच्या कोंदट खोलीत बसून, छोट्या चौकोनी भोकातून त्यांनी माझा सिनेमा वर्षानुवर्षं लोकांना दाखवला होता. आता टॉकीज बंद झाली होती आणि मालकाने त्यांच्या हातावर एकरकमी पैसे ठेवले होते. आयुष्याची कमाई म्हणा, तेवढीच. अनामत भरून त्यांनी मला घरी नेलं.

त्यांची बायको शिवणकाम करी. मशीन स्वयंपाकघरात होतं. जेवायची वेळ झाली की कापड गुंडाळायचं आणि पानं मांडायची. त्या पैशातून रस्त्यावरचा एक गाळा घ्यायचा, असं तिने मनात कधीच पक्कं केलं होतं. ऑपरेटरसाहेबांनी वेगळंच पक्कं केलं होतं.

"अगं, गाळा घेऊन हात रिकामेच राहणार. एकदा कॅसिनोत जाऊन येतो. दुप्पट झाले तर गाळाही होईल आणि वर दोन पैसे उरतील."

"आणि झाले नाहीत तर?"

"तेवीस येतं गं. मी रोज बघितलंय. एकदासुद्धा चुकलं नाही."

"अहो, तो सिनेमा होता."

"सिनेमावाले काय हवेतून आणतात का सगळं?"

माझं एक बटण लोंबत होतं म्हणून तिने मला मांडीवर घेतलं, उलटं केलं, आतून नीट निरखलं आणि ती हसली.

"याला खिसेच नाहीत. नुसत्या पट्ट्या आहेत."

"हिरोला खिसे कशाला लागतात?"

"जिंकलेलं ठेवायला," ती म्हणाली.

सकाळी तिने माझ्या अस्तरात एक खिसा शिवला. माझ्या आयुष्यातला पहिला. निम्मे पैसे त्यात घातले आणि तोंड दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलं. उरलेले निम्मे नवऱ्याच्या हातात दिले.

"तुम्ही ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. हे तुमचे. ते गाळ्याचे. टाके उसवायचेच असतील तर उसवा. पण माझी टीप उसवायला कात्री लागते, आणि कात्री घरी आहे."

दुपारच्या बसने आम्ही निघालो. कॅसिनोच्या दारात आमचा जिना होता, आमचं झुंबर होतं आणि भिंतीवर मोठ्या चौकटीत हिरो होता. त्याच्या अंगावर मी! स्वतःचं इतकं तरुण चित्र पाहून मला भरून आलं. ऑपरेटरसाहेबांनी बाही झटकली आणि आत पाऊल टाकलं.

आत छत बुटकं होतं. गालिचा दारातच संपला होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर चपला घातलेली, थकलेली माणसं बसली होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एकाने तर घरून डबा आणला होता. काळा कोट फक्त वेटरांच्या अंगावर होता.

"दोन कॉफी. साखर कमी," एक बाई ऑपरेटरसाहेबांना म्हणाल्या आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत पाठ फिरवून गेल्या.

ते चाकापाशी बसले. नोटा देऊन रंगीत चकत्या घेतल्या आणि तेवीसवर ठेवल्या. गोळा दुसरीकडे बसला. पुन्हा ठेवल्या. गोळा तिसरीकडे बसला. मला स्टुडिओतली ती सकाळ आठवत होती. कचऱ्यात टाकलेली फिल्म आज इथे पुरी चालू होती, आणि मला तोंड नव्हतं.

डबा आणलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "काका, तेवीसच का?"

"तेवीसच येतं."

"कुठे पाहिलंत?"

"टॉकीजमध्ये. रोज चार खेळ."

"मग हा पाचवा असणार," म्हातारा म्हणाला आणि डब्याचं झाकण लावू लागला.

हातातल्या चकत्या संपल्या. ऑपरेटरसाहेबांचा हात माझ्या आत गेला. बोटांनी खिसा चाचपला, मग टीप चाचपली. किल्ल्यांच्या जुडग्याला नखं कापायचं यंत्र होतं. त्यांनी मला अंगातून काढलं, गुडघ्यावर उलटं पसरलं आणि एक टाका तोडला.

"काका, लावताय का?" चाक फिरवणाऱ्या मुलीने विचारलं.

इतकी वर्षं ज्याला पडद्यावर पाहिलं, त्याला ते पहिल्यांदाच आतून बघत होते. निळा तुकडा, चौकडीचा तुकडा, जुन्या पडद्याचा तुकडा. पाठीवर चिमट्यांचे गंजलेले डाग. बराच वेळ ते पडद्याच्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिले. त्या सगळ्या अस्तरात नीट, मन लावून केलेलं काम एकच होतं. त्यातला एक टाका त्यांनी नुकताच तोडला होता.

"काका?"

"नाही," ते म्हणाले. मला घडी करून हातावर घेतलं आणि शर्टावरच बाहेर पडले.

घरी मशीन चालू होतं. तिने मान वर केली नाही.

"कात्री दे."

मशीन थांबलं. तिने मला जवळ ओढून टीप तपासली.

"एक टाका तुटलाय."

"तो मी तोडला."

"आणि बाकीचे?"

"पक्के होते."

कात्री तिने स्वतःच चालवली.

निम्म्या पैशात गाळा मिळाला नाही. एका इमारतीच्या जिन्याखाली एक मशीन आणि एक स्टूल मावेल एवढी जागा मिळाली. ती शिवते. ते पायरीवर बसून काज-बटणं करतात. कुणी गिऱ्हाइकाने सिनेमाचा विषय काढला, तर ते सुईत दोरा ओवायला घेतात. भाड्याच्या दुकानदाराने मला परत घेतलं नाही. "याला खिसा केलात? मग हा सिनेमातला राहिलाच नाही. अनामत विसरा," म्हणाला. म्हणून मी इथे खुंटीवर आहे. ती मला दर आठवड्याला ब्रश करते. माझ्या खिशात खडू आणि मोजपट्टी असते.

मित्रांनो, जुन्या कपड्यांना जपा. त्यांना ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका आणि कधीतरी उलटं करून आतूनही बघा. आणि माझा सिनेमा कधी लागलाच तर माझ्याकडे लक्ष ठेवा. तेवीस येतं, लोक टाळ्या वाजवतात, हिरो चकत्यांचा ढीग दोन्ही हातांनी छातीशी कवटाळतो. पुढच्या दृश्यात तो रस्त्यावरून चालत असतो आणि त्याचे हात रिकामे असतात. ते सगळं कुठे गेलं, हे कुणीच विचारत नाही. माझ्यात तर नक्की नव्हतं. मला तेव्हा खिसे नव्हते.