कालची दहा वाक्यं

ल्यू मास्तरांची शिस्त ऐकायला सोपी होती, पाळताना मात्र भलेभले मेटाकुटीला येत. काल दिवसभरात आपण काय केलं, ते रोज सकाळी चिनी भाषेत दहा वाक्यांत सांगायचं. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. आणि भिंतीला नाही, माणसाला. समोरच्याला एक अक्षर कळलं नाही तरी चालेल, पण त्याचं तोंड आपल्याकडे हवं. "दीवार को बोलेगा तो जबान आलसी होगा," असं ते आपल्या कलकत्त्याच्या बऊबाजारातल्या हिंदीत बजावत. संध्याकाळी शिकवणीला गेलं की तीच वाक्यं त्यांच्यापुढे म्हणायची, आणि नवा धडा त्यानंतरच उघडायचा.

दिगंबर आगाशेच्या काळीघाटच्या बिऱ्हाडात भिंती भरपूर होत्या आणि माणूस एकच, त्याचे वडील. श्यामराव आगाशे, निवृत्त स्टेशनमास्तर, घरातले नाना. साताऱ्याकडच्या लहानसहान स्टेशनांवर त्यांची सगळी नोकरी गेली. बायको गेल्यावर गावात एकटे कसे राहणार, म्हणून दिगंबर त्यांना कलकत्त्याला घेऊन आला आणि स्वतः दिवसभर कचेरीत जाऊ लागला. सकाळ-संध्याकाळ एक उडिया ठाकूर येऊन स्वयंपाक करून जाई. त्याला मराठी येत नव्हतं, नानांना उडिया-बंगाली येत नव्हतं, तेव्हा नाना एकटेच होते. गावाऐवजी कलकत्त्यात, इतकाच काय तो फरक.

त्या दिवसांत शहरभर हिंदी-चिनी भाईभाईच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. दिगंबरच्या केंद्र सरकारी कचेरीत दिल्लीहून फर्मान आलं होतं, की मार्चमधली चिनी भाषेची परीक्षा जो वरच्या वर्गात पास होईल, त्याला दोन वर्षांसाठी पेकिंगला पाठवण्यात येईल. दिगंबरने कंबर कसली. एका बाजूला चिनी अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अर्थ लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याच्या खिशात सळसळू लागल्या. एस्प्लनेडच्या ट्राममध्ये बसून तो मांडीवर बोटानं अक्षरं गिरवी, तेव्हा शेजारचे बाबू जरा सरकून बसत. आणि रोज सकाळी, चहा झाला की तो नानांसमोर पाटावर बसून दहा वाक्यं म्हणे.

नानांना हा कार्यक्रम फार आवडे. पोरगा दिवसभरात आपल्याकडे तोंड करून बोलतो तो एवढाच वेळ, मग ती भाषा चिनी का असेना. शब्दाचा सूर कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा हे पक्कं व्हावं म्हणून मास्तरांनी बोलताना हात वरखाली करायची सवय लावली होती. सिग्नलचा हात पाहण्यात जन्म घालवलेल्या नानांनी ते बरोबर हेरलं. "काल हा शब्द म्हणताना हात खाली आणला होतास, आज वर कसा?" असं ते मध्येच विचारत. दिगंबर पुस्तक उघडून पाही, तर नानांचंच बरोबर निघे. बापानं इतकं मन लावून त्याचा अभ्यास शाळेतही घेतला नव्हता.

नानांची कलकत्त्यात एकच मागणी होती. हावडा स्टेशनात एक अख्खी सकाळ बाकावर बसायचं आणि गाड्या बघायच्या. ते आले तेव्हा अंगात ताप होता, दिगंबरने त्यांना डब्यातून उतरवून थेट टॅक्सीत घातलं होतं. दिवसाकाठी चार गाड्यांना हिरवी झेंडी दाखवून म्हातारा झालेला माणूस. एवढं मोठं स्टेशन पायाशी येऊन पाहायचं राहिलं, याची त्यांना चुटपुट लागली होती. "एकदा नेशील का रे?" ते विचारत. "या रविवारी जाऊ," दिगंबर म्हणे. तो खोटं बोलत नसे. पण रविवार उजाडला की सबंध दिवस अभ्यासाला मिळतोय हे त्याला दिसे, आणि नाना आपणहूनच म्हणत, "राहू दे, तुझी परीक्षा आहे." अशा वेळी ज्यानं आग्रह धरायचा तो गप्प बसला की काम भागतं. दिगंबर गप्प बसे.

पावसाळा सरता सरता एका सोमवारी ल्यू मास्तरांनी त्याला थांबवलं. "रोज तेच. ट्राम, कचेरी, फाइल, ट्राम. तुझ्या घरी कोणी नाही?"

"वडील आहेत."

"मग ते वाक्यांत का येत नाहीत?"

वर्गात आणखी दोघं-तिघं होते. दिगंबरला शरम वाटली. जवळ जे शब्द होते त्यांचं त्यानं चटकन वाक्य जुळवलं. काल मी वडिलांना हावडा स्टेशनवर नेलं. वडिलांनी पुष्कळ गाड्या पाहिल्या. वडील खूश झाले.

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली आणि बाक, वाफ, गर्दी, शिटी असे नवे शब्द फळ्यावर लिहून दिले. पुढच्या सोमवारी त्यांनी आपणहून विचारलं, "काल बाप-लेक कुठे गेले?" मग काय, दिगंबरच्या तोंडाला चव लागली. दर सोमवारी नाना हावड्याला जाऊ लागले. कधी फेरीबोटीनं, कधी पुलावरून पायी. त्यांनी मातीच्या कुल्हडातला चहा प्यायला, इंजिन ड्रायव्हरशी गप्पा मारल्या, एकदा तर परतताना थकून दिगंबरच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेसुद्धा. खऱ्या दिवसात दहा वाक्यांचं काही घडतच नव्हतं; खोट्या रविवारात वाक्यं मावेनाशी झाली. दिगंबरचं चिनी झपाट्यानं सुधारलं.

आणि ही वाक्यं आधी सकाळी नानांसमोर म्हणावी लागत. नाना मांडीवर हात ठेवून ऐकत. "यात हावडा आलं रे," ते एकदा म्हणाले. "गावाचं नाव आहे नाना, सरावाला घेतलंय," असं दिगंबर पुटपुटला. "असू दे, असू दे. पण तिथे हात वर नाही गेला तुझा, पुन्हा म्हण." दिगंबरने ते वाक्य पुन्हा म्हटलं. नानांनी ते त्याच्याकडून निर्दोष करून घेतलं. त्या दिवशी ट्राममध्ये त्यानं चिठ्ठ्या बाहेर काढल्या नाहीत. आपण काय करतो आहोत हे त्याला चांगलं कळत होतं, आणि तरी पुढच्या सोमवारी त्यानं तेच केलं. परीक्षा झाली की फेडू, असं तो मनाला समजावत राहिला.

दिवाळीनंतर नाना त्याला खिडकीकडे पाठ करून बसायला सांगू लागले. "उजेडात हात नीट दिसतो," ते म्हणत. म्हाताऱ्याला थंडीत ऊन हवं असेल, असं दिगंबरला वाटलं. त्याला काय वाटेल याला काही मर्यादा नव्हती.

फेब्रुवारीत चिनी नवं वर्ष आलं, आणि सकाळीच दारात ल्यू मास्तर उभे. अंगात इस्त्रीचा कोट, हातात संत्र्यांची करंडी. त्यांच्याकडे नव्या वर्षी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला जायची रीत. स्वतःचा बाप दूर चीनमध्ये, शांतुंगच्या खेड्यात, तिकडे जाणं आता होत नव्हतं, तेव्हा ते दिगंबरच्या बापाला भेटायला आले होते. मास्तरांना आत घेताना आज खोली किती अंधारी दिसते आहे असं काहीतरी दिगंबर बडबडला.

मास्तर नानांपुढे कमरेत लवले. करंडी त्यांच्या हातात देत म्हणाले, "बाबूजी, आपका लड़का बहुत अच्छा. हर इतवार आपको हावड़ा ले जाता. हमारा क्लास में सब जानता."

नानांनी मान वळवली. दिगंबर खिडकीपाशी उभा होता, त्याच्याकडे ते पाहत राहिले. ठाकूर आतल्या बाजूला भांडी घासत होता. दिगंबरला वाटलं, आता सगळं संपलं, आणि संपावंच.

"हां," नाना म्हणाले. "ले जाता है."

"कौन सा गाड़ी आपको सबसे अच्छा लगता?"

"मेल," नाना म्हणाले आणि सांगू लागले. मेल आत येताना फलाटाची फरशी पायाखाली कशी थरथरते, ड्रायव्हर कसा एक हात बाहेर ठेवून उभा असतो, वाफ सुटली की घटकाभर माणसं कशी नाहीशी होतात. आम्ही नेहमी एकाच बाकावर बसतो. हा चहा आणतो, माझा चहा फुंकून देतो. मोडक्यातोडक्या हिंदीत ते बोलत राहिले आणि मास्तर लहान पोरासारखे ऐकत राहिले. एवढंच, की नाना सांगत होते ते हावडा नव्हतंच. तो बाक साताऱ्याकडच्या स्टेशनातल्या कडुनिंबाखालचा होता आणि ती मेलही तिकडचीच, हे त्या खोलीत नानांखेरीज फक्त दिगंबरला समजत होतं.

मास्तरांचे डोळे भरून आले. उठताना ते म्हणाले, "बाप को छोड़ के हम इधर आया, तब अठारा साल का था. आपका लड़का बोलता है, तो हमको लगता, हम भी ले के गया." दिगंबर त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेला. त्यांनी त्याचा हात घट्ट धरला, आणि त्याला तो सोडवून घ्यावासा वाटला.

तो परत आला तेव्हा नाना करंडीत हात घालून संत्रं चाचपत होते. एक त्यांच्या हातून निसटलं आणि त्यांच्याच पायाशी येऊन थांबलं. नाना वाकले आणि त्याच्या वीतभर पलीकडे जमिनीवर हात फिरवू लागले. दिगंबर ते बघत राहिला. दिवाळीपासून हा माणूस रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून त्याच्यासमोर बसला होता.

"नाना, तुम्हाला दिसत नाही?"

"उजेडापुढे काही हललं की दिसतं. मोतीबिंदू आहे, पिकला की काढतात म्हणे. परीक्षेच्या दिवसांत तुला कशाला सांगायचं?"

दिगंबरने संत्रं उचलून त्यांच्या हातात दिलं आणि तो तिथेच खाली बसला. "मी फार वाईट वागलो, नाना," तो म्हणाला. "आपण आज जाऊ. आत्ता निघू."

"जाऊ की. आवाज तर ऐकू येतील." नाना संत्र्याची साल काढायला लागले. रागावल्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर कुठे सापडते का, हे दिगंबर शोधत होता. ती असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला सारखं वाटायचं," नाना म्हणाले, "दर सोमवारी तुझ्या वाक्यांत हावडा येतं, म्हणजे पोरगा जायचा बेत करतोय. तुझे मास्तर सज्जन आहेत. आज मी वेळ निभावून नेली, आपल्या स्टेशनवरचं सांगून. ते पुन्हा आले आणि माझं काही भलतंच निघालं, तर तुझी शोभा होईल. तेव्हा मला एकदा सगळं नीट सांगून ठेव. कुठे कुठे गेलो आपण?"

दिगंबर खाली पडलेल्या साली गोळा करू लागला.

"दहा असतात ना? म्हण."

नानांनी संत्रं बाजूला ठेवलं, रोजच्यासारखे मांडीवर हात ठेवले आणि उजेडाच्या दिशेला तोंड केलं. दिगंबर सवयीनं खिडकीकडे पाठ करून बसला. पहिलं वाक्य त्याच्या तोंडातून चिनीतच आलं, सफाईदार, हात जिथे चढायचा तिथे चढला, उतरायचा तिथे उतरला.

"मराठीत सांग," नाना म्हणाले. "मला कळू दे."

"काल," दिगंबर म्हणाला, "काल मी नानांना हावड्याला नेलं."

पुढचं वाक्य त्याला मराठीत येईना. नाना त्याच्याकडे तोंड करून बसून होते.

"मग?" ते म्हणाले. "मी काय काय पाहिलं?"