उज्ज्वलाच्या जॉइंटचा एक्सरे

सगळा घोळ झाला तो जॉइंट या एका शब्दापायी. शब्द इंग्रजी, बोलणारी सिरसाळ्यात, ऐकणारा पालीच्या धरणाकाठी, आणि मधे रेंज नावाची भवानी. मग काय व्हायचं राहतंय!

सिरसाळ्याच्या पुढं साखर कारखान्यांचे वाफेचे पाइप बनवणारी एक मोठी शेड आहे. तिथं उज्ज्वला दोन वर्षं ग्राइंडर चालवत होती, म्हणजे दुसऱ्यानं वेल्डिंग करायचं आणि हिनं ते घासत बसायचं. हिला मात्र स्वतःला वेल्डर व्हायचं होतं, आणि तेही वाफेच्या पाइपाचं. त्यासाठी परीक्षा एकच. सहा इंची पाइपाचे दोन तुकडे कमरेच्या उंचीवर तिरके बांधायचे आणि पाइप जराही न फिरवता आपणच त्याच्याभोवती फिरून, वाकून, उताणं पडून जॉइंट मारायचा. मग त्या जॉइंटचा एक्सरे. आत पोकळी दिसली, चीर दिसली, की नापास. उज्ज्वला दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा पाइपाच्या खालच्या अंगाला. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "आता तिसरा आणि शेवटचा. नाही जमला तर घरी."

घरी तिचा बाप टपूनच बसला होता. हरिबा मेंढरं राखणारा, पोरगी लोखंडात रमलेली त्याला मुळीच पटत नव्हती. "हौस फिटली की गुमान वापस यायचं," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तिसऱ्या जॉइंटला उज्ज्वला पाइपाखाली उताणी पडली, काच डोळ्यावर ओढली आणि तिला बापाचीच आठवण झाली. लहानपणी मेंढी कातरायला शिकवताना तो म्हणायचा, "हात दाबू नगं. मेंढीच्या श्वासासंगं हात चालू दे." तिनं तसाच हात चालवला. धातू वितळला, वर चढला, बसला. उठली तेव्हा कॉलरमध्ये ठिणगी शिरलेली तिला कळलीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला.

"आप्पा, जॉइंटचा एक्सरे काढलाय. उद्या धा वाजता कळतंय."

"एक्सरे? कुठल्या जॉइंटचा?"

"खालच्या. तिथंच भ्या असतंय. दोन डाव चीर निघालती."

"अगं, मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी घोर लावून घेताल म्हणून. आता बसला तर बसला, न्हाईतर कापतेत."

"कापतेत?"

"हां, कापून भंगारात टाकतेत."

तिकडं काहीतरी धपकन पडलं आणि फोन बंद झाला. रेंज गेली असेल, असं समजून उज्ज्वला दोन भाकरी खाऊन ढाराढूर झोपली.

आणि तिकडं, खालचा जॉइंट म्हणजे गुडघाच असं धरून बसलेल्या हरिबाची झोप उडाली. अहो, मेंढराचं मोडलेलं हाड बसवावं तर हरिबानं, हे पालीपासून नेकनूरपर्यंत कुणालाही विचारा. हाडसांधीच्या पाल्याचा लेप लावायचा, बांबूच्या कामट्या बांधायच्या आणि महिन्यानं पाय चाचपून दोनच शब्द बोलायचे, "सोडा. पळंल." मेंढरू पळायचंच. अशा माणसाच्या पोरीचा पाय कापून भंगारात टाकतात म्हणजे काय!

सकाळी पावणेदहाला फोरमन शहादेवमामा शेडमध्ये धापा टाकत आले. "उज्ज्वला, गेटवर चल. तुझा बाप बाज घेऊन आलाय."

"बाज?"

"आणि एक मेंढी."

उज्ज्वला गेटकडं धावत सुटली. टेम्पोत लेकीला निजवून न्यायला आणलेली उभी बाज, बाजेला बांधलेली मेंढी, मेंढीच्या पायाला कामट्या. तिची पट्टी आजच सोडायची होती, म्हणून तिलाही घेतली म्हणे. हरिबाचा धाकटा भाऊ नाथाकाका वॉचमनवर खेकसत होता, "गेट उघड की बे! पोरीचा पाय चाललाय!" आणि उज्ज्वलाची आई साखराबाई पदर तोंडाला लावून रडत होती. ती रडता रडता एकदम थांबली.

"आगं बया! ही तर पळती!"

हरिबानं काही ऐकलं नाही. तो पन्नास माणसांदेखत खाली बसला आणि लेकीचे गुडघे चाचपू लागला. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"आप्पा, माझा न्हाई! पाइपाचा! पाइपाचा जॉइंट!"

"लोखंडाचा एक्सरे?" नाथाकाकानं तोंडाचा आ केला. शहादेवमामा हसून हसून वॉचमनच्या स्टुलावर बसले, तर स्टूलच कलंडलं. उज्ज्वलालाही हसू आवरेना, पण डोळे साहेबांच्या दाराकडंच होते. दहा वाजले होते, आणि घरी न्यायला टेम्पो दारातच उभा होता.

तेवढ्यात साहेब हातात एक्सरेची फिल्म घेऊन बाहेर आले. साहेब काही बोलणार, तोच हरिबानं पुढं होऊन हात पसरला. "साहेब, मला बघू द्या. लेकीचा हाय."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फिल्म दिली. हरिबानं ती उन्हाकडं धरली. पाइपाचे दोन तुकडे, मधे एक फिकट पट्टा. तो बोट न टेकवता पट्ट्यावरून डोळा फिरवत गेला, खालच्या अंगाशी लई वेळ थांबला.

"हितं दोन हाडं हायती, हे मला ठावं हाय म्हणून दिसतंय," तो हळूच म्हणाला. "न्हाईतर एकच वाटलं असतं. कुणी शिकवलं गं तुला?"

"तुमीच की. मेंढी कातरताना."

हरिबानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. "पास आहे. एक नंबर जॉइंट."

साखराबाईनं कडाकडा बोटं मोडली, शेडमधल्या पोरांनी हेल्मेटं बडवली. हरिबाचे डोळे भरून आले. त्यानं रिकाम्या बाजेकडं पाहिलं, मग लेकीच्या पायांकडं, आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"सोडा. पळंल."

नाथाकाका हुकमाचा ताबेदार. त्यानं लगेच कामट्या सोडल्या, दावंही सोडलं. मेंढीनं टेम्पोतून जी उडी घेतली ती थेट शेडमध्ये! एका भल्यामोठ्या पाइपाच्या या तोंडातून आत, त्या तोंडातून बाहेर, आणि मागं अर्धी शिफ्ट, शहादेवमामा आणि वॉचमन.

"आरं नाथा," हरिबा हातातली फिल्म उंच धरून ओरडला, "मी मेंढीला न्हाई म्हणालो बे!"