पोत्यातलं डोकं

गोदामात गव्हाचं पोतं उघडलं की मी कानापर्यंत डोकं आत घालायची, खोल श्वास घ्यायची आणि सांगायची, "घ्या" किंवा "परत पाठवा". तेवीस वर्षं यंत्राच्या आधी ओल मला कळायची. सगळे मला नाकमावशी म्हणत, आणि मीही ते नाव ऐटीत मिरवत असे.

मग खोकल्यातून रक्त आलं. क्षय समजून सहा महिने गोळ्या गिळल्या, गुण मात्र कवडीचा नाही. शेवटी छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला. "क्षय नाही, मावशी. लहानपणच्या आजाराने फुप्फुसात एक पोकळी राहिली होती, तिच्यात बुरशी घर करून बसली आहे. रोज कॅप्सूल घ्यायच्या, भरल्या पोटी, निदान सहा महिने. आणि पोत्यात डोकं घालायचं नाही, ओल्या धान्याच्या धुळीत हीच बुरशी असते."

"मग मी खाऊ काय?"

"आधी जगा, मग खा," त्या म्हणाल्या. मला राग आला, पण बाई खोटं बोलत नव्हत्या.

दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तर त्यात औषध नावालाच. बाई माझ्याकडे संशयाने बघू लागल्या. मी ताडकन उठले. "एक कॅप्सूल जरी चुकवली असेल तर नाव बदलेन!" तेव्हा सोबत आलेल्या माझ्या सुनेने पिशवीतून गुलाबी बाटली काढून टेबलावर ठेवली. पोटात जळजळ व्हायची, म्हणून प्रत्येक कॅप्सूलवर मी ते पित्तशामक ढोसत होते.

"या कॅप्सूलला पोटातलं आम्ल लागतं, आणि तुम्ही तेच मारत होता," बाई म्हणाल्या. "आता औषध लागू पडलं नाही, तर फुप्फुसाचा तुकडा कापावा लागेल."

म्हणजे माझ्याच हाताने पायावर धोंडा! घरी येऊन बाटली मोरीत रिकामी केली. पोट जळलं, जळू दिलं. हळूहळू रक्तातलं औषध वाढलं, खोकल्यातलं रक्त थांबलं.

तोंडावर जाड मास्क आणि हातात टोकदार पोकळ नळी घेऊन मी कामावर परतले. नळी पोत्यात खुपसली की दाणे तळहातावर येतात. मालकाला हे थेर वाटले. त्या दिवशी तर मोठं गिऱ्हाईक समोर उभं होतं.

"मावशी, नळी ठेव. एकदाच डोकं घाल. तुझ्या नाकावर माल विकतो मी. जमत नसेल तर उद्यापासून घरी बस."

नोकरी गेली तर कॅप्सूल कुठून आणू? तरी मी नळी खुपसली, दाणा नखाने दाबला. तो मऊ लागला.

"माल ओला आहे. परत पाठवा. विश्वास नसेल तर पोत्याचं तोंड मी धरते, डोकं तुम्ही घाला."

मी पोतं उघडून धरलं. मालक वाकले. हिरवट धूळ वर आली, तसे ते रुमाल तोंडाला लावून दोन पावलं मागे सरले.

गिऱ्हाईक मालकाकडे बघत राहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणालं, "मावशी, तुमच्या नळीने पुढचं पोतं बघा."