मैत्रीनगरच्या खांबावरून

मित्रांनो, नागपुरात कोराडीच्या रस्त्यालगत मैत्रीनगर नावाची एक वसाहत आहे. तिथल्या बुद्धविहारासमोर विजेचा खांब आहे आणि त्या खांबावर टांगलेला मी एक जुना कॅमेरा आहे. जाता-येता तुम्ही मला पाहिले असेल. मी तर तुम्हाला पाहिलेच आहे. मला पापणी नाही. म्हणून झोप नाही, आणि जे पाहवत नाही ते न पाहण्याची सोयही नाही.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी असंख्य भिंगे एकमेकांसमोर रांगेने मांडलेली होती. सगळे डोळे उघडे, आणि कुणालाच कुणी दिसत नव्हते. पुढे मी नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानाच्या काचेमागे आलो, आणि तिथून मला आनंदरावांनी घेतले. कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले आनंदराव वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष होते. त्याच आठवड्यात मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांच्या पत्नीच्या, सरिताबाईंच्या, गळ्यातली पोत भरदुपारी ओढून नेली होती. मला खांबावर चढवले तेव्हा सरिताबाई खाली उभ्या होत्या. मानेवरचा लाल ओरखडा त्यांनी पदराने झाकला होता. मी पाहिलेली पहिली गोष्ट ती होती, आणि आपण कशासाठी जन्मलो हे मला त्या क्षणी कळले असे वाटले.

ती वर्षे चांगली होती, मित्रांनो. ते दोघे पुन्हा आले, मी त्यांच्या गाडीचा क्रमांक टिपला आणि ते पकडले गेले. संध्याकाळी बायका विहाराच्या पायऱ्यांवर निर्धास्त बसू लागल्या. वीज केंद्राची राख माझ्या भिंगावर बसे, आणि आनंदराव शिडी लावून ती मऊ फडक्याने पुसत. इतक्या हळुवारपणे माझ्या डोळ्याला दुसरे कुणी कधी शिवले नाही.

मग एका वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. ज्या नातेवाइकांना दीक्षाभूमीवर येणे जमले नाही, त्यांना निदान आपल्या विहारातली वंदना दिसावी, अशी कल्पना आनंदरावांना सुचली. वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सासरी गेलेल्या लेकी आणि त्यांचे नवरे यांना मानाने सामील करून घेतले. मग मला मोबाइलवर उघडण्याचा पासवर्ड त्या ग्रुपवर टाकला. त्या दिवशी शेकडो डोळे माझ्यातून पाहत होते. पांढरी वस्त्रे, मेणबत्त्या, निळे झेंडे. माझ्यातून कोण पाहते हे मला आतून जाणवते, म्हणून सांगतो, मी तृप्त होतो. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या विझल्या, झेंडे उतरले. पासवर्ड मात्र कुणी बदलला नाही.

सिंधूताईंचे घर माझ्या बरोबर समोर आहे. मागच्या वर्षी त्यांची मुलगी मयुरा बुटीबोरीचे सासर सोडून एका पिशवीनिशी माहेरी आली. तिचा नवरा विक्की तिला मारत असे. काही दिवस ती दारातही आली नाही. मग सदरमधल्या एका रक्ततपासणी केंद्रात तिला काम मिळाले. नमुन्यांच्या नळ्यांवर नावे चिकटवायची, इतकेच काम. पण सकाळी बससाठी निघालेली मयुरा मी पाहिली आहे. प्रत्येक दिवशी तिचे पाऊल आदल्या दिवसाहून थोडे मोकळे पडत असे. आयुष्य पुन्हा स्वतःचे होणे मी एवढ्या जवळून कधी पाहिले नव्हते.

आणि बुटीबोरीत बसलेला आणखी कुणी ते माझ्यातून पाहत होता.

एके दिवशी तिच्या मोबाइलवर निरोप आला. माझ्याच खाली उभी राहून तिने तो आईला वाचून दाखवला. "पिवळी ओढणी मस्त दिसून राहिली. कोनासाठी घातली?" दोघींनी गल्लीत पाहिले. गल्ली रिकामी होती. मग मयुराने हळूहळू मान वर केली आणि थेट माझ्या डोळ्यात पाहिले.

त्याच रविवारी विहारासमोर बैठक बसली.

"भाऊ, तो कॅमेरा बंद करा," सिंधूताई म्हणाल्या. "माह्या पोरीले घराबाहेर पडणं मुश्कील झालं."

"सिंधूताई, बंद केला तर चोराईले काय हारतुरे देऊन बोलवू?" आनंदराव म्हणाले. "आमच्या सरितीची मान विसरले का तुम्ही?"

"अवो, आमचा नवरा घरात बसून पाहत नाही, हिचा बुटीबोरीवरून पाहून राहिला!" शेजारची मेघा म्हणाली. बायका हसल्या. मयुराकडे लक्ष गेले तशा गप्प झाल्या.

"काका, कॅमेरा राहू द्या," मयुरा म्हणाली. "फक्त त्याले ग्रुपमधून काढा."

आनंदरावांनी खिशातून मोबाइल काढला आणि तसाच परत ठेवला. ते वाईट नव्हते, मित्रांनो. खरोखर दुष्ट कुणी असते, तर मला इतके हताश वाटले नसते.

"जावई आहे ना पोरी तो. फारकत झाली का? नाही. आज काढलं तर त्याच्या घरी बोंब होईल, का मैत्रीनगरनं जावयाचा अपमान केला म्हणून. उद्या समजोत्याले कोणत्या तोंडानं जाऊ मी? असं करतो, पासवर्ड बदलतो. मग तर झालं?"

सगळ्यांना ते पटले. त्यांनी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. कुणाची गैरसोय होऊ नये म्हणून नवा पासवर्ड लगेच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, 'कृपया गोपनीय ठेवावा.' एकामागून एक 'जय भीम' आणि उंचावलेले अंगठे येऊ लागले. आईच्या मोबाइलवर ते मोजावेत तशी मयुरा पाहत होती. एका अंगठ्याशी तिचे बोट थांबले.

"काका," ती म्हणाली, "त्यानंबी अंगठा दिला."

आनंदरावांनी चष्मा काढून पुसला. "पाहू, त्याच्याशी बोलतो मी," ते म्हणाले, आणि बैठक उठली.

त्यानंतर मयुरा तोंडाला स्कार्फ गुंडाळून निघू लागली. नागपूरच्या उन्हात सगळ्याच मुली तसा गुंडाळतात. पण माणूस चालीवरून ओळखू येतो. ती वेळा बदलू लागली, भिंतीच्या कडेने चालू लागली. मी मनोमन राखेची वाट पाहत असे. एकदाच इतकी दाट बसावी की सारे पुसून जावे. पण आनंदरावांचे फडके नेमाने येत राहिले.

अखेर एका सकाळी विक्की स्वतः आला. मयुरा दारातून निघाली, तेव्हा तो माझ्या खांबाशी उभा होता. त्याने हात जोडले, हसला, आणि इतक्या हलक्या आवाजात बोलला की तो फक्त तिला आणि मला ऐकू आला. "पाहून राहिलो तुले. रोज. कुठंबी जाय." मग तो शांतपणे निघून गेला.

मायलेकी पोलीस चौकीत गेल्या. माझे चित्रण मागवले गेले. मित्रांनो, मला ऐकू येते, पण ऐकलेले माझ्यातच राहते. बाहेर जाते ते केवळ मुके चित्र. त्यात एक नेटका तरुण बायकोला हात जोडून हसताना दिसत होता.

"ताई, यात त्याने काहीच केलेलं दिसत नाही," चौकीतला हवालदार म्हणाल्याचे सिंधूताईंनी पायऱ्यांवर बसून मेघाला सांगितले. या वेळी मेघा हसली नाही.

जो पुरावा तिला वाचवणार होता, त्याने विक्कीलाच निर्दोष ठरवले. मयुराने काम सोडले. त्या नळ्यांवर आता दुसरे कुणी नावे चिकटवत असेल. मैत्रीनगरात त्यानंतर एकही पोत ओढली गेली नाही. समितीच्या सभेत आनंदराव हे अभिमानाने सांगतात, आणि ते खरेही आहे.

तुम्हाला माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या दारावर माझा कुणी भाऊबंद टांगाल, तेव्हा त्याच्या समोर कोण येईल याचा विचार कराल. त्याच्या मागे कोण बसेल याचाही करा. माणसांच्या मानापमानाला जपताना, कुणाला तरी मोकळे चालायचे आहे हे विसरू नका. मी वळू शकत नाही. तुम्ही वळू शकता.

आज सकाळी सिंधूताईंचे दार किलकिले झाले. मयुरा पायात चपला घालून उंबरठ्यावर आली, काही क्षण उभी राहिली, माझ्याकडे तिने एकदा पाहिले आणि दार पुन्हा लावून घेतले. ते लागताना मी पाहिले. आणि मी पाहिले, म्हणजे त्यानेही पाहिले.